गुढीच्या काठीवरचं बिऱ्हाड

मला खरं तर अमेरिकेला जायचं होतं. तिथे दर वसंतात हमिंगबर्ड नावाचा अंगठ्याएवढा पक्षी समुद्र ओलांडून दक्षिणेकडून उत्तरेला येतो, एका दमात, वाटेत कुठे बूड न टेकता. किनाऱ्यावरची माणसं म्हणे अंगणात साखरपाण्याच्या बाटल्या टांगून त्याची वाट बघत बसतात. माझा पुतण्या तिकडेच असतो. दरवर्षी "काकू, या वर्षी तरी ये" म्हणतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मला पक्ष्यांचं वेड लागलंय हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावरून माझी थट्टाही भरपूर होते. या वर्षी मी गुडघ्यांची समजूत काढली, बूट घेतले, दुर्बीण साफ करून आणली. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मात्र काही मिळेना. पक्षी माझ्या तारखेसाठी थांबणार नव्हते.

अशी तोंड पाडून बसले असताना धाकट्या बहिणीचा, शैलाचा, कोलकात्याहून फोन आला.

"हमिंगबर्डच बघायचाय ना ताई? मग आमच्याकडे ये. आमच्या बाल्कनीत आहे."

भारतात हमिंगबर्ड नाही, असतो तो शिंजीर, हे मी आजवर किमान शंभर जणांना सांगितलं असेल. तेवढाच लहान, तशीच बाकदार चोच, तसाच फुलातला रस पिणारा. पण घराणं वेगळं. तिलाही सांगितलं.

"शिंजीर तर शिंजीर. पण लवकर ये. श्रीकांतची बदली झालीय नागपूरला. महिन्याच्या आत घर सोडायचंय, आणि त्या शिंजिरानं आमचा मोठा घोटाळा करून ठेवलाय. माई तर हटूनच बसल्यात."

माई म्हणजे शैलाच्या सासूबाई. वय ब्याऐंशी. त्या हटून बसल्या की काय होतं ते मी शैलाच्या लग्नापासून बघत आले आहे. मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

हावडा

रेल्वेतला दीड दिवस सोडून देते. एवढंच सांगते की सांगलीहून खास पाडव्यासाठी नेलेल्या साखरेच्या गाठींचा डबा वरच्या बाकावरच्या गृहस्थांनी उशी समजून वापरला.

हावड्याला श्रीकांत घ्यायला आला होता. तो बँकेत अधिकारी आहे, स्वभावानं शांत, आणि कामं पुढे ढकलण्यात त्याचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. टॅक्सीची रांग बघून म्हणाला, "ताई, बोटीनं जाऊ या. तुम्हाला आवडेल." स्टेशनसमोरच्या धक्क्यावरून आम्ही फेरी बोट धरली. हुगळीचं पाणी चहाच्या रंगाचं, त्यावर जलपर्णीचे हिरवे पुंजके आपल्याआपण चालले होते, आणि एका पुंजक्यावर एक बगळा उभा राहून फुकटचा प्रवास करत होता. होळी होऊन सहा दिवस झाले होते तरी बोटीतल्या निम्म्या लोकांच्या कानामागे अजून गुलाबी रंग होता. दक्षिणेकडून छान वारा येत होता. या वाऱ्याचं बंगाली लोकांना फार कौतुक; आपल्याकडे पावसाची वाट बघतात तशी ही मंडळी फाल्गुनात या वाऱ्याची बघतात.

"घोटाळा काय झालाय?" मी विचारलं.

श्रीकांत नदीकडे बघत म्हणाला, "चूक माझीच आहे. घरी गेल्यावर आई सांगेलच."

बालीगंज

माईंनी खरंच सांगितलं. मी चपला काढायच्या आत.

गेल्या वर्षीच्या पाडव्याला गुढी उतरवली, तेव्हा काठी सोडून, धुऊन, आत ठेवायला हवी होती. श्रीकांत म्हणाला, उद्या सोडतो. तो उद्या वर्षभर उगवला नाही. मागच्या बाल्कनीच्या जाळीला बांधलेली ती वेळवाची काठी ऊन-पावसात तशीच उभी, आणि तिच्या टोकाला कलश बांधलेल्या सुतळीचा एक फास लोंबत राहिलेला. माई वर्षभर त्यावरून बोलत होत्या. आणि या फाल्गुनात त्या फासालाच शिंजिराच्या मादीनं घरटं टांगलं.

मी बघितलं आणि प्रवासाचा शीण विसरले. पेरूच्या आकाराची एक पिशवी, कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली, त्यात वाळकी पानं, कागदाचे कपटे, झाडाच्या सालीचे तुकडे खोचलेले. बाजूला एक भोक, आणि भोकावर पुढे आलेली चिमुकली पडवी. आत मादी बसली होती. बाहेर फक्त तिची चोच दिसत होती, सुईसारखी. खाली मागच्या अंगणात कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्या शेंड्यावर तिचा नवरा बसून गात होता. विणीच्या दिवसांत नर काळा दिसतो, पण ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो.

"मला तो नुसता काळा ठिपका दिसतो," माई म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन नागपूरला गेल्यावर करायचं ठरलं होतं. "इथले लोक त्याला दुर्गाटुनटुनी म्हणतात. होळीच्या पाच दिवस आधी बसलीय ती. मी मोजतेय. आता तू सांग, पिलं कधी उडतील?"

मी बोटांवर हिशेब केला. अंडी फुटायला अजून चार दिवस, आणि त्यानंतर पंधरा-सोळा. त्यांची नागपूरची तिकिटं रामनवमीच्या दुसऱ्या दिवशीची होती. म्हणजे आजपासून एकोणिसाव्या दिवसाची.

"अगदी काठावर आहे, माई."

"मग पिलं उडाल्याशिवाय मी हलायची नाही," माई म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांची रेल्वे, नवऱ्याची रेल्वे, मुलाची बँक. चौदा घरं सोडली मी, आणि चौदाही वेळा ट्रक आला म्हणून सोडली. एकदा तर लोणचं मुरलं नव्हतं तरी बरणी हलवली. या वेळी नाही."

शैलानं माझ्याकडे बघितलं. "बघितलंस ताई? आता तूच समजाव."

मी काय समजावणार? मी तर पक्ष्यांच्या बाजूची.

तळ्यावर

पहाटे पाचलाच इथे उजाडतं. सांगलीच्या सवयीनं मी सहाला उठून स्वतःला शहाणी समजत होते, तर ढाकुरियाच्या तळ्यावर तोवर अर्धं बालीगंज येऊन व्यायाम करून चहाला लागलं होतं. तळ्याकाठी काटेसावर फुलली होती. इथे तिला शिमुल म्हणतात. झाडावर एक पान नाही, नुसती लालभडक फुलं, आणि त्या फुलांवर जी झुंबड होती ती बघून मला लग्नाच्या पंगतीची आठवण झाली. मैना, कोतवाल, हळद्या, बुलबुल आणि खाली वाकून रस पिणारे शिंजीर. फुलाफुलांत डोकी खुपसून सगळ्यांची कपाळं परागांनी पिवळी झालेली.

तिथे मला एक दुर्बीणवाले काका भेटले. गळ्यात दुर्बीण दिसली की पक्षीवेड्यांची ओळख व्हायला नाव लागत नाही. ते हिंदीत म्हणाले, "ये सब तो घर का लोग है। मेहमान उधर देखिए।" झुडपात एक निळा माशीमार बसला होता, आकाशातून तुकडा कापून आणावा तसा. हिवाळाभर दक्षिणेत राहून तो आता हिमालयाकडे निघालेला. "दो दिन, तीन दिन रुकेगा। खाएगा, फिर जाएगा।" आम्ही दोघं मान मोडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो. नंतर काकांनी मला मातीच्या भांड्यातून चहा आणि पानाच्या द्रोणातून कचोरी खिलवली. हिंगाच्या वासाची, आत डाळीचं पातळ सारण, सोबत बटाट्याची सालासकट केलेली भाजी. आपल्याकडची कचोरी यापुढे फारच बोजड वाटेल अशी मला भीती वाटते.

घरी येऊन मी माईंना सगळं सांगितलं. रोज सांगायचं असा नेमच पडला. मी काय बघितलं ते त्या विचारत, आणि मी बघितलं तेवढंच सांगत असे. एकदा मी म्हणाले, "बहुधा हळद्याच असावा," तर म्हणाल्या, "बहुधा नको. नक्की असेल तर सांग, नाहीतर राहू दे." मला त्या अचानक फार आवडू लागल्या.

चौथ्या दिवशी दुपारी मादी घरट्यातून निघाली आणि चोचीत कोळी घेऊन आली. अंडी फुटली होती. मी माईंना झोपेतून उठवून सांगितलं. त्यांनी उठून देवापुढे साखर ठेवली आणि श्रीकांतला फोन करून, मीटिंगमध्ये असताना, बातमी दिली.

भेऱ्यांकडे

शहराच्या पूर्वेला मैलोन्मैल तळी आहेत. त्यांना भेरी म्हणतात. शहराचं सांडपाणी त्यात सोडतात, उन्हानं आणि शेवाळानं ते निवळतं, आणि त्यात मासे वाढवतात. हे ऐकून मी नाक मुरडलं होतं, पण प्रत्यक्षात तिथे पाण्याचा आणि ओल्या मातीचाच वास होता. मी आणि शैला सकाळीच गेलो. शैलाला पक्ष्यांत काडीचा रस नाही. ती सामानाच्या पसाऱ्यातून सुटका म्हणून आली होती.

बांधावर पिवळे धोबी उतरले होते. किती म्हणून मोजायचे? हिवाळ्यात हा पक्षी मळकट दिसतो. आता जायच्या वेळी प्रत्येकानं हळदीनं माखल्यासारखा पिवळा रंग अंगावर चढवला होता, आणि शेपट्या खालीवर करत सगळे बांधभर धावत होते. किडे टिपायचे, अंगात चरबी साठवायची आणि एखाद्या संध्याकाळी उठून निघायचं, थेट हिमालयापलीकडे. बदकं तर आधीच गेली होती. रिकाम्या पाण्यावर त्यांची दोन-चार पिसं तरंगत होती.

बांधावरच्या झोपडीत राखणदार होता. त्यानं आम्हाला मुरमुरे दिले, त्यात मोहरीचं कच्चं तेल, कांदा, हिरवी मिरची. तेलाचा झणका थेट मेंदूत गेला. मी विचारलं, हे पक्षी कधी जातात? तो म्हणाला, "एक दिन सुबह में देखता है, नहीं है। बोल के तो नहीं जाता, दीदी।"

शैला पाण्याकडे बघत मुरमुरे खात होती. मग एकदम म्हणाली, "अकरा वर्षं झाली इथे. आले तेव्हा रडत आले होते. भाषा येईना, भाजीवाला काय म्हणतो कळेना. आता नागपूरला जायचं म्हणून सगळे अभिनंदन करतात, आणि मला काल रात्री वरच्या मजल्यावरच्या तपतीच्या घरची बेगुनी आठवून रडू आलं. वांग्याच्या भजीसाठी कुणी रडतं का?"

"रडतं," मी म्हणाले. तिनं डोळे पुसले आणि आणखी मुरमुरे मागून घेतले.

पाडवा

आता मुख्य गोष्टीकडे येते.

पाडव्याला पिलं सहा दिवसांची होती. दोन होती. घरट्याच्या भोकातून दोन केशरी तोंडं उघडलेली दिसत. मादी दर पाच-दहा मिनिटांनी काहीतरी आणून भरवी, मधूनमधून नरही येई.

जुनी काठी अर्थातच हलवायची नव्हती. श्रीकांतनं नवा बांबू आणला, आणि कौतुक म्हणजे वेळेवर आणला. बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला, घरट्यापासून पाच-सहा हातांवर, गुढी उभी केली. माईंची हिरवी रेशमी साडी, कडुलिंबाची डहाळी, आंब्याची पानं, झेंडूचा हार, वर तांब्या. गाठींचे जे तुकडे झाले होते ते मी दोऱ्यात ओवून कशीबशी माळ केली होती. "ही गाठ आहे की भूकंपग्रस्त?" श्रीकांत म्हणाला. पूजा झाली, नैवेद्य झाला, श्रीखंडाचा वास सुटला आणि आम्ही सगळे आत येऊन बसलो.

मी सवयीनं खिडकीतून बघत होते. मादी कडुलिंबावरून निघाली, चोचीत किडा, आणि बाल्कनीपाशी येऊन परत फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. त्या कौतुकाच्या वाऱ्यानं साडी अशी फडफडत होती की मोठी घारच झडप घालतेय असं तिला वाटावं. मी घड्याळ लावलं. अर्धा तास गेला. पाऊण झाला. ती जाळीपर्यंत यायची, साडी फडकायची, ती किंचाळत लिंबावर जायची. घरट्याच्या भोकात दिसणारी तोंडं आधी जोरात हलत होती. मग दिसेनाशी झाली.

मी बाहेरच्या खोलीत येऊन सांगितलं. "गुढी तिथून काढायला हवी. अजून तास-दीड तास असं चाललं तर पिलं जगणार नाहीत."

गुढी सूर्यास्ताआधी उतरवत नाहीत. आता दहा वाजले होते.

"ताई, बदलीचं वर्ष आहे," शैला हळूच म्हणाली. "नव्या गावाला जायचं, माईंचं ऑपरेशन आहे. पाडव्याच्या दिवशी उभी केलेली गुढी दोन तासांत खाली घ्यायची? मला नाही धीर होत."

"साडी तेवढी गुंडाळून ठेवू," श्रीकांत म्हणाला.

"गुढीचं वस्त्र फेडणार?" शैला किंचाळलीच.

माई पाटावर बसून होत्या. त्यांनी मला विचारलं, "नक्की मरतील?"

"नक्की सांगता येत नाही. पण तोंडं वर यायची थांबलीत. एवढं मी बघितलं."

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "गुढी उतरवायची नाही. उभीच्या उभी न्यायची. श्रीकांता, सोड तिला. तपतीकडे ने."

तपती वरच्या मजल्यावर राहते. तिची बाल्कनी रस्त्याच्या बाजूला आहे. ती माईंना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणते, आणि माईंच्या हातच्या थालीपिठासाठी अकरा वर्षं जिना उतरते आहे.

साडेसहा फुटांची गुढी, आडवी न करता, अपार्टमेंटच्या जिन्यातून वर न्यायची म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. श्रीकांतनं मध्ये धरलं, मी खाली, शैलानं साडीचे पदर सावरले. दारातच तांब्या चौकटीला आपटला. "आडवी करू नको!" माई मागून ओरडल्या. मग गुडघे वाकवून, जवळजवळ रांगत, आम्ही गुढी दाराबाहेर काढली. जिन्याच्या वळणावर ती छताला टेकली. ट्यूबलाइट वाचली, पण झेंडूचा हार दिव्याच्या वायरीत अडकला. खालच्या मजल्यावरची मंडळी दारं उघडून बघू लागली. एका आजोबांनी विचारलं, "की होच्छे? बिये?" कुणाचं लग्न आहे का?

"नोतून बोछोर!" माई खालून म्हणाल्या. नवीन वर्ष. "आमादेर!" आमचं.

मग काय, दोन माणसं मदतीला आली. एकानं हार सोडवला, एकानं वळणावर काठी कशी तिरकी न करता फिरवायची ते सांगितलं. तपतीनं दार उघडलं ते शंख घेऊनच. जिन्यातला गोंधळ ऐकून तिनं ओळखलं होतं की काहीतरी मंगल चाललंय, आणि मंगल असेल तिथे शंख हवाच. तिनं शंख फुंकला, तिच्या जावेनं जिभेनं ती लांबलचक उलूध्वनी केली, आणि एका बंगाली घराच्या बाल्कनीत, रस्त्यापलीकडच्या मिठाईवाल्याच्या पाटीसमोर, आमची गुढी उभी राहिली.

"हाम क्या करेगा? कौन सा मंत्र?" तपतीनं काळजीनं विचारलं.

"काही नको," माई धापा टाकत पोचल्या होत्या. "नमस्कार कर आणि संध्याकाळपर्यंत पडू देऊ नको."

मी मात्र थांबले नाही. खाली धावत आले. गुडघ्यांचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. बाल्कनी रिकामी होती. मी पडद्याआड उभी राहिले. तीन मिनिटं, चार मिनिटं. मादी आली. जाळीवर बसली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि घरट्याला लटकली. आतून एकच तोंड वर आलं. तिनं भरवलं आणि गेली. पुढच्या खेपेला दोन तोंडं आली.

मी वर जाऊन माईंना सांगितलं, "दोन्ही आहेत. दोन्हींनी खाल्लं."

माई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढून म्हणाल्या, "आता मला जेवायला वाढा."

आम्ही श्रीखंड-पुरी वर नेली. तपतीनं तिच्याकडचा वरणभात आणि निम-बेगुन आणलं, म्हणजे कडुलिंबाची कोवळी पानं आणि वांग्याचे तुकडे तळून. पाडव्याला आपण कडुलिंबाची गोळी गूळ घालून, तोंड वाकडं करून, एकदाची गिळतो. हे लोक वसंतभर ती पानं भाताबरोबर चवीनं खातात. मी तीनदा घेतलं.

निघायचा दिवस

रामनवमीच्या दिवशी ट्रक येऊन सामान घेऊन गेला. रिकाम्या घरात आमचे आवाज घुमायला लागले. पिलं आता घरट्यात मावत नव्हती. एक भोकातून अर्धं बाहेर येऊन पंख फडफडवून बघे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते बाहेर पडलं. आधी काठीवर बसलं, मग जाळीवर, मग एक वेडंवाकडं उड्डाण करून लिंबाच्या फांदीवर. मी माईंना क्रिकेटच्या धावत्या वर्णनासारखं सगळं सांगितलं. माईंनी टाळ्या वाजवल्या.

दुसरं मात्र हलेना. गाडी संध्याकाळची होती. दुपार झाली. माई तपतीनं पाठवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर रिकाम्या खोलीत, बाल्कनीच्या दाराशी बसून होत्या. त्यांना उठवायला एकीमागून एक दोन सुना आल्या. सख्खी सून शैला आणि मानलेली तपती. दोघींनीही समजावलं. माईंनी खुर्ची आणखी दाराजवळ ओढली.

पाच वाजले. टॅक्सी खाली येऊन थांबली. शैलानं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"ताई, सांगून टाक ना, उडालं म्हणून. त्यांना दिसत नाही काही. हावड्याच्या पुलावर तासभर अडकलो तर गाडी जाईल. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा."

"म्हणूनच," मी म्हणाले.

"अगं, त्यांच्या भल्यासाठी. एक शब्द."

मी बाहेर आले. खरं सांगते, तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. शैलाचं काही चुकत नव्हतं. म्हातारी सुखानं निघाली असती, पिलू त्याच्या वेळेनं उडालंच असतं, आणि कुणाला कळलं नसतं. मी दुर्बीण लावली. काहीच गरज नव्हती. घरटं पाच हातांवर होतं. पिलू भोकातून डोकं काढून माझ्याकडेच बघत होतं.

"उडालं?" माईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

शैलानं कपाळाला हात लावला. श्रीकांतनं घड्याळ बघितलं. माई थोडा वेळ त्या उजेडाकडे तोंड करून बसल्या. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या.

"तुझं परतीचं तिकीट कधीचं?"

"परवाचं."

"मग तू राहतेस. बरं झालं." त्यांनी चष्मा पुसला. "इतके दिवस मला वाटत होतं, मीच थांबायला पाहिजे. कुणीतरी नीट बघून खरं सांगणारं थांबलं तरी चालेल. चला रे, गाडी चुकेल."

आणि त्या सरळ जिना उतरल्या. खाली तपतीला मिठी मारली, तिच्या हनुवटीला हात लावून तो स्वतःच्या ओठांना लावला, अगदी बंगाली बायकांसारखा. टॅक्सीत बसताना मागे वळून बघितलं नाही. त्यांना ती सवय आहे.

दुसरी सकाळ

रात्री तपतीकडे झोपले. पहाटे उठून मागच्या अंगणात दरवानाच्या स्टुलावर जाऊन बसले. किल्ली श्रीकांतनं दिली होती, त्यामुळे वरून बाल्कनीतूनही बघता आलं असतं. पण माणूस जवळ नसलेलं बरं, असं मला वाटलं. दरवान स्वतःचा चहा माझ्याबरोबर वाटून प्याला आणि न विचारता वर बघत उभा राहिला. मादी लिंबावर किडा घेऊन बसली होती आणि आत नेत नव्हती. नुसती हाका मारत होती. पिलू भोकात, आई फांदीवर, असा हट्ट पाऊण तास चालला.

पावणेआठला पिलू बाहेर आलं. काठीवर बसलं नाही, जाळीवर बसलं नाही. थेट निघालं, खाली पडल्यासारखं झालं, दरवान "अरे अरे" म्हणाला, आणि ते सावरून लिंबाच्या खालच्या फांदीवर टेकलं. आईनं येऊन भरवलं. मग दोघंही पानांत दिसेनाशी झाली.

मी लगेच फोन लावला. गाडी बिलासपूरच्या पुढे होती. शैलानं उचलला आणि काही न विचारता माईंकडे दिला.

"हं," माई म्हणाल्या.

"उडालं, माई. आत्ता. मी बघितलं."

"नक्की?"

"नक्की. लिंबावर बसलं. आईनं भरवलं."

पलीकडून रुळांचा खडखडाट येत राहिला. मग फोन कानाशी तसाच धरून त्यांनी डब्यातल्या कुणाला तरी, बहुधा समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसांना, मोठ्यांदा सांगितलं, "उडालं हो आमचं धाकटं."